सूर्यनमस्कार

सूर्यनमस्कार : उगवत्या सूर्याकडे तोंड करून, ठरलेल्या क्रमाने शरीर मागे-पुढे वाकवीत आणि मध्ये साष्टांग दंडवत घालीत करावयाची उपासना व तिच्यातून घडलेली व्यायामपद्धती. एका माणसाला हातपाय पसरून पालथे पडता येईल एवढी जागा आणि एखादी सतरंजी यांखेरीज तिला काही लागत नाही. तालीम, साधने वा जोडीदार यांवाचून घरच्या घरी करता येत असल्यामुळे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत व शाळांत ती विसाव्या शतकात जितकी रुजली तितकी दुसरी कोणतीही व्यायामपद्धती क्वचितच रुजली असेल.

सूर्योपासना आणि आरोग्य यांची सांगड फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्ताच्या अखेरीस ‘उद्यन्नद्य मित्रमह’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या तीन ऋचा आहेत. त्यांत सूर्याने आपला हृद्रोग आणि हरिमाण, म्हणजे अंगावरचा पिवळेपणा, नाहीसा करावा अशी प्रार्थना आहे. याच ऋचांचा विनियोग करून घालावयाच्या नमस्कारांना ‘तृचाकल्प नमस्कार’ म्हणतात. एरवी मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क आणि भास्कर या बारा नावांनी, प्रत्येक नावाआधी ओंकार व बीजमंत्र जोडून, बारा नमस्कार घालण्याचा प्रघात आहे. समर्थ रामदासस्वामी रोज बाराशे नमस्कार घालीत, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. हा आकडा इतिहास म्हणून तपासता येत नसला, तरी गावोगावी मारुतीची स्थापना करून बलोपासनेला प्रतिष्ठा देणाऱ्या संप्रदायाशी नमस्कारांचे नाते महाराष्ट्राच्या मनात पक्के आहे. धर्मविधीतील नमस्कार आणि आजचा व्यायाम मात्र जसेच्या तसे एक नव्हेत. विधीत देवतेला वंदन मुख्य असते. श्वास कुठे घ्यावा, टाच कुठे टेकावी, याचा काटेकोर विचार व्यायाम म्हणून त्याची मांडणी होऊ लागली तेव्हा झाला.

या मांडणीचे सर्वांत मोठे श्रेय औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांच्याकडे जाते. हे औंध म्हणजे पुण्याचे उपनगर नव्हे, तर सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील, यमाईच्या डोंगराखालचे एका छोट्या संस्थानाचे गाव. भवानराव चित्रकार होते, कीर्तनकार होते. तरुणपणी त्यांनी त्या काळी जगभर गाजलेल्या युजेन सँडो या बलोपासकाच्या पद्धतीने, त्याची साधने आणून, कित्येक वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते नमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांचेच झाले. १९०९ साली गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले, त्यांवर पुस्तके लिहिली, गावोगाव व्याख्याने व प्रात्यक्षिके दिली. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. स्त्रियांनी व्यायाम करावा हे उघडपणे बोलणेही धाडसाचे होते अशा काळात त्यांनी मुलींसाठी व गृहिणींसाठी नमस्कारांचा पुरस्कार केला, ही त्यांच्या कार्यातील फार मोलाची बाब आहे आणि तिची दखल पुरेशी घेतली जात नाही. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या लुईस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली. त्यातून पुढे १९३८ मध्ये लंडनला इंग्रजी पुस्तक निघाले व ही पद्धती परदेशी वाचकांपर्यंत पोचली. वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर याच काळात औंधला राहत होते. त्यांनीही नमस्कारांवर लेखन केले.

सूर्यनमस्कार हा योगाचा प्राचीन भाग आहे, ही आजची सार्वत्रिक समजूत तपासून घेण्याजोगी आहे. हठयोगाच्या प्रमाण ग्रंथांत ही बारा स्थितींची मालिका आढळत नाही. मुंबईत १९१८ साली योगसंस्था काढणाऱ्या योगेंद्रजींनी तर योगाभ्यासात नमस्कारांची सरमिसळ करण्यास स्पष्ट विरोध केला होता. म्हैसूरच्या राजवाड्यात १९३०च्या दशकात योगगुरू कृष्णमाचार्यांची योगशाळा आणि सूर्यनमस्कारांचे वर्ग वेगवेगळे चालत. त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांच्या पद्धतीत मात्र अभ्यासाची सुरुवातच नमस्कारांनी होते, आणि पाश्चात्त्य देशांतील योगवर्गांत नमस्कार रूढ होण्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. थोडक्यात, उपासना, तालमीतले जोर आणि आसने असे तीन प्रवाह इथे एकत्र आले आहेत.

स्थिती दहा मोजाव्या की बारा, याबद्दल पद्धतींत फरक आहे. औंधच्या पद्धतीत त्या दहा धरतात. रूढ क्रम असा : हात जोडून ताठ उभे राहणे, हात वर नेऊन कमरेतून मागे झुकणे, पुढे वाकून तळवे पावलांच्या बाजूला टेकणे, एक पाय लांब मागे नेणे, दुसराही मागे नेऊन शरीर फळीसारखे सरळ धरणे, साष्टांग, छाती उचलून भुजंगासन, नितंब वर उचलून पर्वतासन, आणि मग उलट क्रमाने परत उभे राहणे. खरी परीक्षा साष्टांगात होते. कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे एवढेच जमिनीला लागले पाहिजे. पोट आणि कंबर अधांतरी राहिली पाहिजे. घाईत नमस्कार घालणारा इथे सपाट पडतो आणि दंड, छाती व पोटाच्या स्नायूंना मिळणारा ताण हातचा घालवतो. भुजंगासनात खांदे कानांकडे चढू न देता छाती पुढे काढावी लागते, नाहीतर सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. सामान्य नियम असा की मागे झुकताना श्वास घ्यावा, पुढे वाकताना सोडावा. एका नमस्कारात उजवा पाय मागे नेला तर दुसऱ्यात डावा न्यावा.

कण्याचे आलटून पालटून पुढे व मागे वाकणे, मांड्यांच्या मागच्या स्नायूंचा ताण आणि शरीराचे वजन हातांवर पेलणे या तीन गोष्टी एकाच लयीत साधणे हे नमस्कारांचे वैशिष्ट्य होय. संथ घातले तर लवचिकता व श्वासनियमन, सलग जलद घातले तर हृदय व फुप्फुसांना व्यायाम, असा त्यांचा उपयोग बदलता येतो. तरीही ‘सर्वांगसुंदर व्यायाम’ हे बिरुद जपून वापरावे. ओढण्याची क्रिया नमस्कारांत जवळजवळ नाही आणि पायांना मिळणारा भार बैठकांच्या मानाने बराच कमी असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते; रोज वीस मिनिटे नमस्कार घालून त्यास भरभर चालण्याची व बैठकांची जोड दिल्यास हे प्रमाण सहज गाठता येते.

किती घालावे, याबाबत आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथकार वाग्भट याचा निकष आजही उपयोगी आहे. थंडीत व वसंतात बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे त्याने अष्टांगहृदयात सांगितले आहे. कपाळावर व काखेत घाम येणे आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटणे ही अर्धी शक्ती खर्च झाल्याची खूण मानतात. रथसप्तमीला मंडळे व शाळा १०८ नमस्कारांचे सामूहिक कार्यक्रम करतात. उत्साहासाठी ते चांगले आहेत. पण वर्षभर न घालणाऱ्याने एकाच सकाळी शंभरी गाठणे म्हणजे मनगटे व कंबर दुखवून घेणे होय. नवख्याने तीन-चारांपासून सुरुवात करून आठवड्याला एक-दोन वाढवावेत.

नमस्कार रिकाम्या पोटी घालतात. पूर्ण जेवणानंतर किमान तीन तास जाऊ द्यावे लागतात. या एका नियमामुळे खाण्याच्या वेळा आपोआप शिस्तीत येतात, कारण रात्री उशिरा भरपेट जेवलेल्याला पहाटे पुढे वाकवत नाही. भवानरावांनीही आहाराचा विचार व्यायामापासून तोडला नव्हता. ताज्या भाज्या व कोंड्यासकट धान्य यांचा ते आग्रह धरीत. आजच्या मराठी घरात ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक एवढ्यावर तो भागतो. व्यायामानंतर लगेच साखरेचा चहा आणि बिस्किटे घेण्याची सवय मात्र वजन घटवू पाहणाऱ्याने सोडावी. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी नमस्कार घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तातील साखर एकदम उतरू शकते.

मनावरील ताण हलका होण्याचे कारण मुख्यतः लयीत आहे. हालचाल श्वासाला बांधली जाते, प्रत्येक नमस्काराला एक नाव उच्चारायचे असते आणि पुढची स्थिती आठवावी लागते. तेवढा वेळ मन दुसरीकडे भरकटायला फारसा वाव उरत नाही. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, आणि शेवटी पाच मिनिटे शवासन केल्यास हा परिणाम अधिक टिकतो. या विषयावरील अनेक अभ्यास लहान गटांवरचे आहेत. त्यांच्या आधाराने मधुमेह, थायरॉईड किंवा नैराश्य केवळ नमस्कारांनी बरे होते असे सांगणे चुकीचे, आणि औषध बंद करायला लावणे घातक आहे.

उच्च रक्तदाब नियंत्रणात नसलेल्यांनी, काचबिंदू, हर्निया वा मणक्यातील चकतीचा त्रास असलेल्यांनी, तसेच नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय नमस्कार घालू नयेत. गर्भवतींनी साष्टांग व भुजंगासन वर्ज्य समजावे. गुडघे टेकवता न येणाऱ्या वृद्धांना खुर्चीवर बसून हात वर नेणे, कमरेतून पुढे झुकणे आणि श्वास जुळवणे एवढा भाग करता येतो.