लॅटिन वाक्यरचना

लॅटिन वाक्यातील पदांचे परस्परसंबंध स्थानावरून नव्हे, तर प्रत्ययांवरून कळतात. 'पुएल्ला रोसाम विदेत' (मुलगी गुलाब पाहते) यातील पदे कोणत्याही क्रमाने ठेवली, तरी 'पुएल्ला' प्रथमेत आणि 'रोसाम' द्वितीयेतच राहते. बदलतो तो भर. सर्वनामरूपी कर्ता बहुधा गाळतात ('विदेओ' = मी पाहतो). विशेषण नामाशी लिंग, वचन व विभक्ती यांत जुळते, मात्र दोहोंचे प्रत्यय सारखे दिसतीलच असे नाही, उदा., 'नाउता बोनुस' (चांगला खलाशी).

क्रियापद शेवटी ठेवण्याची प्रवृत्ती सीझरच्या गद्यात प्रबळ, तर रोमन वक्ता सिसरो याच्या गद्यात तुलनेने सैल आहे. हा क्रम मूळ इंडो-यूरोपीय भाषेतून (लॅटिन, संस्कृत, ग्रीक इत्यादींच्या अनुमानित पूर्वज भाषेतून) आला, असे परंपरेने मानतात. त्यासाठी रोमजवळील प्रेनेस्ते येथील सोन्याच्या वस्त्रपिनेवरील लेखाकडे बोट दाखवले जाते : 'मानिओस मेद फेफाकेद नुमासिओइ' (मानिओसने मला नुमासिओससाठी घडवले). यात कर्म क्रियापदाआधी आहे खरे, पण चतुर्थ्यंत पद त्यानंतर येते. १८८७ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ व्होल्फगांग हेल्बिग याने उजेडात आणलेली ही पिन इटालियन पुराभिलेखतज्ज्ञ मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी १९८० मध्ये बनावट ठरवली होती. २०११ मध्ये जाहीर झालेल्या तांत्रिक परीक्षणानंतर ती अस्सल, बहुधा इ. स. पू. सातव्या शतकातील, असे मत स्थिरावले आहे. तथापि चार शब्दांच्या लेखावरून क्रमाचा नियम बांधणे धाडसाचे होय. ज्ञात माहिती आधी व नवी नंतर या तत्त्वाने क्रम ठरतो, हे अलीकडील स्पष्टीकरण अभिजात गद्याला अधिक लागू पडते.

लॅटिन पंचमीने (ॲब्लेटिव्ह) तृतीयेचे आणि बव्हंशी सप्तमीचेही कार्य स्वतःकडे घेतले आहे : 'ग्लादिओ' म्हणजे तलवारीने. जुनी सप्तमी 'रोमाए' (रोममध्ये), 'दोमी' (घरी) अशा मोजक्या रूपांत उरली. ग्रीकमध्ये ही पंचमी नसल्याने रोमन विद्वान व्हारो (इ. स. पू. ११६–२७) तिला (लॅटिनच्या स्वतःच्या विभक्तिक्रमानुसार) सहावी व खास लॅटिन विभक्ती म्हणतो. रोमन सेनानी सिपिओ बार्बातुस याच्या समाधिलेखातील 'ग्नाइवोद' या रूपातील दकारान्त प्रत्यय संस्कृत 'देवात्'मधील प्रत्ययाशी जुळतो. इ. स. पू. १८६ च्या बाकस या मद्यदेवतेच्या पूजेविषयीच्या रोमन सेनेटच्या निर्णयातही हा 'द' लिहिलेला आढळतो. बोलण्यातून तो तोवर बहुधा गेला असावा.

लोकभाषेतील वाक्यरचनेविषयीचे पुरावे तुटक आहेत. इटलीतील प्राचीन पाँपेई नगराच्या भिंतींवरील लेखनात द्वितीयेचा अंत्य 'म' अनेकदा गळलेला दिसतो. अशा उच्चारात 'रोसाम' आणि 'रोसा' यांतील भेद धूसर होतो. लॅटिनपासून निघालेल्या रोमान्स भाषांत (फ्रेंच, इटालियन इ.) पुढे कर्ता–क्रियापद–कर्म हा क्रम रुळला, त्यामागे प्रत्ययांची ही झीज हे एक कारण मानले जाते.