अमेरिकन गाड्यांची घटलेली हॉर्सपॉवर (१९७०चं दशक)

१९७० साली शेव्हरोलेट कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये मिळणारं सगळ्यात साधं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं होतं, १९७५ला त्याच मापाचं साधं इंजिन १६५ वर आलं. कॅडिलॅक एल्डोराडोचं अवाढव्य ८.२ लिटरचं इंजिन तर ४०० वरून १९७६पर्यंत १९० वर घसरलं. याचं खापर सरसकट प्रदूषणाच्या नियमांवर फोडलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे, कारण यातली बरीच घट गाडीत झालेलीच नव्हती, ती मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे दिसत होती.

आधी नियमांचं बघू. लॉस एंजेलिसवर धुरकं साचायचं, लोकांचे डोळे चुरचुरायचे, आणि १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं, आणि त्याचा मोठा वाटा गाड्यांच्या धुराचा आहे. कॅलिफोर्नियाने आधी स्वतःचे नियम केले, मग ३१ डिसेंबर १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी क्लीन एअर अ‍ॅक्ट या देशभराच्या कायद्यावर सही केली. त्यात पाचसहा वर्षांत गाडीच्या धुरातली घाण तब्बल ९० टक्के कमी करा असं होतं, आणि तेव्हा ते कसं करायचं हे कंपन्यांनाही धड माहीत नव्हतं. मुदती पुढे ढकलल्या गेल्या पण कायदा टिकला, आणि तो टिकला हे चांगलंच झालं, ती हवा माणसांनी श्वासात घ्यायच्या लायकीची नव्हती.

आता मोजमाप. १९७१पर्यंत कंपन्या "ग्रॉस" आकडा छापायच्या, म्हणजे इंजिन गाडीतून बाहेर स्टँडवर ठेवायचं, एअर क्लीनर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, धूर मोकळ्या पाइपांतून बाहेर, टायमिंग (स्पार्क नेमका कधी द्यायचा ते) हवं तसं सेट केलेलं. १९७२च्या मॉडेल्सपासून "नेट" आकडा आला, त्यात इंजिन गाडीत बसतं तसंच सगळ्या लवाजम्यासकट मोजायचं. कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९७१ला दोन्ही आकडे छापले होते त्यामुळे फरक नेमका कळतो. कॉर्व्हेटचं एलटी-१ नावाचं जास्त ताकदीचं इंजिन घ्या, १९७०ला ३७० ग्रॉस, १९७१ला कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवेचं मिश्रण जळण्याआधी किती पट दाबलं जातं ते) ११ वरून ९ वर आणलं तेव्हा ३३० ग्रॉस, आणि त्याच १९७१च्या इंजिनाचा नेट आकडा २७५. म्हणजे पहिले ४० खरोखर गेले, पुढचे ५५ फक्त कागदावर गेले, आणि १९७२ला २५५ नेट झालं ते परत खरं.

कॉम्प्रेशन का उतरवलं? तर शिशामुळे. पेट्रोलमधलं शिसं ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता, वाढवायचं म्हणून जास्त कॉम्प्रेशनलाही इंजिन नॉकिंग (वेळेआधी पेटून ठोके देणं) करायचं नाही, पण पुढे येणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधलं (धुराच्या पाइपात बसवलेला, घाण साफ करणारा डबा) प्लॅटिनम शिशाने निकामी होतं, म्हणून जनरल मोटर्सने १९७१पासूनच आपली इंजिनं ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतील अशी केली. (आपल्याकडे हीच जोडी, अनलेडेड पेट्रोल आणि कन्व्हर्टर, १९९५ला मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना आली.)

बाकी मग ठिगळं होती. स्पार्क उशिरा द्यायचा म्हणजे धूर जास्त गरम निघतो आणि उरलेलं पेट्रोल बाहेर जळतं, पण त्यात ताकद जाते आणि इंजिन तापतं. कार्ब्युरेटर कमी पेट्रोलवर लावायचा, त्यामुळे गाडी रेस देताना अडखळायची, किल्ली काढली तरी इंजिन धडधडत राहायचं. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, सौम्य केले. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत सिलिंडरमध्ये घालून आतलं तापमान कमी करायचं, याला लोक फार शिव्या देतात, पण त्याचा व्हॉल्व्ह व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर, उघडतो आणि पूर्ण रेस दिली की व्हॅक्युम पडतो आणि तो बंद होतो, त्यामुळे कमाल हॉर्सपॉवर त्याने फारशी खाल्ली नाही, त्रास झाला तो रोजच्या पिकअपला. बॉनेटखाली व्हॅक्युमच्या नळ्यांचं जंजाळ झालं ते याच काळात. १९७५ला कन्व्हर्टर आला तेव्हा कॉर्व्हेटचे दोन्ही पाइप एकत्र आणून एकाच कन्व्हर्टरमधून काढले, धूर तिथे कोंडायचा. पण कन्व्हर्टर घाण बाहेर साफ करतो म्हटल्यावर इंजिनाचं टायमिंग थोडं मोकळं करता आलं आणि १९७४पेक्षा गाड्या चालवायला बऱ्या झाल्या, मायलेजही सुधारलं.

१९७३ची तेलबंदी, मसल कारचे (मोठ्या इंजिनाच्या वेगवान गाड्यांचे) महागडे विम्याचे हप्ते आणि १९७५चा मायलेजचा कायदा यांनी मोठ्या इंजिनांचं गिऱ्हाईकच तोडलं, त्यामुळे ताकद परत आणायची कंपन्यांना घाईही नव्हती.

खरा तोडगा निघाला धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरमधून. तिन्ही प्रकारची घाण (हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं) साफ करणाऱ्या थ्री-वे कन्व्हर्टरला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असं नेमकं मिश्रण लागतं, आणि साध्या कार्ब्युरेटरला ते जमणं शक्यच नव्हतं. व्होल्वोने १९७७च्या मॉडेलला कॅलिफोर्नियात सेन्सर आणि थ्री-वे कन्व्हर्टर ही जोडी विकली, जनरल मोटर्सने १९८१ला आपल्या गाड्यांत मिश्रण सांभाळणारा कॉम्प्युटर घातला, मग फ्युएल इंजेक्शन सगळीकडे आलं. १९८५ला कॉर्व्हेट २३० नेटवर पोचली, १९८७ला ब्यूकच्या ३.८ लिटरच्या टर्बो व्ही-६ ने २४५ दिले, आणि १९९२ला कॉर्व्हेटच्या ५.७ लिटरने ३०० नेट गाठले, १९७१च्या एलटी-१पेक्षा २५ जास्त, आणि तेही त्या काळापेक्षा कितीतरी कडक नियम पाळून.