गप्पीच्या सोबतीला नकली गप्पी

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात, ते डासांच्या अळ्या खातात म्हणून. आपल्या लेखी या माशाची ओळख तेवढीच. बर्लिनमध्ये मात्र हाच गप्पी एका यंत्रासोबत पोहतोय.

कागदावर टाचणी ठेवून खालून चुंबक फिरवायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. इथेही तेच आहे. टाकीत पाणी अगदी उथळ. टाकीच्या तळाखाली चाकांची छोटी गाडी पळते, तिच्यावर चुंबक, आणि वर पाण्यात थ्री-डी प्रिंटरवर छापलेला, रंगवलेला गप्पी. कॅमेरा खऱ्या माशावर नजर ठेवतो, त्यावरून संगणक गाडीला क्षणोक्षणी सांगतो, वळ, थांब, मागे जा. संशोधक येन्स क्राउझे, टिम लांडग्राफ आणि सहकाऱ्यांचा हा ‘रोबोफिश’.

एवढा खटाटोप का? एका हातानं टाळी वाजत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. दोन मासे बरोबर पोहत असतील तर कोण कोणाला ओढतंय हे नुसतं बघून कळत नाही. एक हात आपल्या ताब्यात असला, तर दुसऱ्याचा वाटा दिसतो.

नकली माशांची युक्ती जुनीच. 1930च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक माशांच्या नरांपुढे प्रतिकृती धरल्या. हुबेहूब पण लाल पोट नसलेल्या माशाकडे नर फारसं लक्ष देत नसत. ओबडधोबड ठोकळ्याला खालून लाल रंग दिला की तुटून पडत. खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली तरी ते चवताळत, असं टिनबर्गन सांगत. (1973 साली त्यांना नोबेल मिळालं. या प्रयोगाचे निकाल पुढे सगळ्यांना तसेच मिळाले नाहीत, हेही खरं.)

2008च्या एका प्रयोगात स्टिकलबॅकपुढे नकली मासे दोरीनं ओढले, तेही नकली शिकारी माशाजवळून. एकटा मासा एका नकली माशामागे जाई. थवा मोठा असला तर एकट्या पुढाऱ्याला तो सहसा दाद देत नसे. दोन-तीन नकली मासे निघाले, की मग हलायचा. एक चुकला म्हणून सगळ्यांनी संकटात का जावं, हा व्यवहार माशांनाही कळतो म्हणायचा.

गप्पींना मात्र ठोकळा चालत नाही. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काचेचे डोळे बसवलेला आणि माशासारखा थांबत-पळत पोहणारा रोबो त्यांनी जास्त आपलासा केला. डोळ्यांचं एवढं महत्त्व असेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

2020च्या प्रयोगात रोबोला स्वतःचं मतच दिलं नाही. समोरच्या गप्पीला धरून राहायचं, एवढंच काम. तरी प्रत्येक जोडी वेगळी निघाली. जात्याच वेगानं पोहणारा गप्पी पुढे राही आणि जोडीला दिशा देई, संथ गप्पीच्या जोडीत तसं होत नसे. रोबो तर सगळ्यांशी सारखाच वागत होता.