जुन्या मोटारीचा पेट्रोल फिल्टर: काचेच्या वाटीपासून पत्र्याच्या डबीपर्यंत

सांगलीत शंभर फुटी रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात जुनी फियाट किंवा अँबॅसिडर उभी असेल, तर बॉनेट उघडल्यावर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, तोंडाशी बहुतेक वेळा एक छोटा पारदर्शक फिल्टर दिसतो. कधी प्लॅस्टिकचा. मालक हौशी असला तर काचेचा, दोन्ही टोकांना चकचकीत टोप्या असलेला. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हा फिल्टर तिथे नव्हता. तो नंतर कुणीतरी नळी कापून मध्ये बसवला. तो तिथे का आला आणि त्याच्याआधी तिथे काय होतं, हे समजलं की आज कोणता फिल्टर घ्यावा हा प्रश्न बराचसा सुटतो. गेल्या काही वर्षांत पंपावरचं पेट्रोलच बदललं आहे. त्यामुळे ही बाब आता कचरा अडवण्यापुरती राहिलेली नाही. गाडी पेटण्या-न पेटण्याशी तिचा थेट संबंध आहे.

सांगली, मिरज, औंध ही संस्थानं होती त्या काळात पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून मिळायचं. डब्याच्या तळाला गंज आणि पाणी असायचंच. म्हणून टाकीत ओतताना नरसाळ्यात बारीक जाळी ठेवत, तिच्यावर शॅमॉयचं मऊ कातडं अंथरत. हे कातडं आधी पेट्रोलने भिजवलं की पेट्रोल आरपार जातं आणि पाणी वरच अडतं. म्हणजे खरा फिल्टर गाडीच्या बाहेर, ड्रायव्हरच्या हातात होता. गाडीच्या आत फारसं काही नव्हतं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल नुसत्या उताराने कार्ब्युरेटरकडे जायचं. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ लागला की त्याची पातळी कार्ब्युरेटरच्या खाली जाई आणि इंजिन बंद पडे. मग ड्रायव्हर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढवत. त्या टाकीच्या खाली गाळ साठवायला एक लहान वाटी आणि निचऱ्याचा कॉक असे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते आपोआप खाली बसतं. एवढ्या एका नियमावर सगळी व्यवस्था उभी होती आणि ती चालत होती.

पुढे टाकी गाडीच्या मागे गेली आणि पेट्रोल ओढून आणायला पंप आला. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून इंजिनवर बसणारा, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) पंप रूढ झाला. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा काळ हा याच पंपाचा काळ. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अँबॅसिडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. या गाड्यांमध्ये फिल्टर म्हणजे पंपातच असलेली पितळी जाळी. कुठे तिच्यावर काचेची वाटी, कुठे पत्र्याची टोपी. वाटी तारेच्या कमानीने वर दाबलेली आणि मध्ये बुचाचं गॅस्केट.

या जुन्या काचेच्या वाटीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच आहे. ही वाटी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असते. पेट्रोल आधी वाटीत येतं, जाळीतून वर जातं आणि मग डायफ्रामपर्यंत पोचतं. इंजिन चालू असताना वाटीचं गॅस्केट सुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, गाडी आचके देते आणि बंद पडते. पेट्रोलची चिळकांडी उडत नाही. ज्यांनी ही रचना केली त्यांनी काच वापरली, पण जिथे दाब आहे तिथे ती ठेवली नाही.

जाळीची मर्यादा मात्र खरी होती. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावरचा) आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ११५ नंबरचा जेट म्हणजे १.१५ मिलिमीटरचं भोक. त्यातून मोठा कण जात नाही आणि असा कण जाळीत अडतो. पण टाकीतल्या गंजाची पिठासारखी भुकटी जाळीतून निसटते, फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याच्या, तळाशी साचते आणि एखाद्या दिवशी गोळा होऊन जेटमध्ये बसते. ‘कचरा आलाय’ म्हणत मिस्त्रीने कार्ब्युरेटर खोलून जेटमध्ये हवा मारायची, हे दृश्य कित्येक वर्षं सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

घडीच्या कागदाचे फिल्टर जगभर दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले. थोड्या जागेत खूप कागद मावतो, म्हणून बारीक कण अडवूनही पेट्रोलचा ओघ फारसा कमी होत नाही. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तशी इनलाइन, म्हणजे नळीच्या मध्ये बसणाऱ्या, फिल्टरची घराघरांत ओळख झाली. मग गॅरेजवाल्यांनी तोच फिल्टर फियाटला लावायला सुरुवात केली आणि त्यात चूक काही नव्हती. चूक झाली ती पुढे, हाताशी मिळेल तो फिल्टर लावताना. मोटारसायकलचा छोटा फिल्टर वरच्या टाकीतून उताराने येणाऱ्या पेट्रोलसाठी बनवलेला असतो. तो पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला बसवला गेला. सोबत पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आली. ही नळी उष्णतेने पिवळी पडते, कडक होते, आखडते आणि निपलवरून (नळी चढवायच्या तोंडावरून) सरकते. ती सरकू नये म्हणून तिला बाइंडिंगची तार आवळलेली. गाडीचा मालक म्हणतो, इतकी वर्षं काही झालं नाही. पण नळी पहिल्या वर्षी सुटत नाही, दहाव्या वर्षी सुटते.

काचेचा फिल्टर हे याच्याही पुढचं पाऊल. तो परदेशी अ‍ॅक्सेसरीच्या बाजारातून आला, दिसायला देखणा, आतलं पेट्रोल दिसतं म्हणून मालक खूश. त्याची रचना पाहा. काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, मध्ये रबरी रिंगा आणि सगळं एका आट्यावर आवळलेलं. इंजिनच्या थरथरीने आटा सैल होतो. काच आणि धातू उष्णतेने सारखे फुगत नाहीत. रिंग कडक झाली की गळती सुरू. जास्त आवळलं तर काच तडकते. शिवाय बंद फिल्टरला नळीचे दोनच जोड असतात, इथे टोप्यांचे दोन धरून चार होतात. हा फिल्टर रस्त्यावर चालणाऱ्या कुठल्याही गाडीत ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो कितीही भारी कंपनीचा असो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचा दाब साधारण २ ते ५ पीएसआय (दाबाचं एकक), इंजेक्शनच्या गाडीत ४० च्या आसपास किंवा जास्त. त्यामुळे जुन्या गाडीतली गळती किरकोळ वाटते. पण इंजिन फिरतंय तोवर पंप ओततच राहतो आणि कुठे ओततो हे महत्त्वाचं. अँबॅसिडरच्या जुन्या बी-सिरीज इंजिनमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणारा नळ) एकाच बाजूला आहेत, कार्ब्युरेटर वर आणि तापलेलं मॅनिफोल्ड त्याच्या खाली. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बॉनेटखाली खालच्या बाजूला साचते. डिस्ट्रिब्युटरची किंवा डायनामोची एक ठिणगी पुरते. मागाहून इलेक्ट्रिक पंप बसवलेला असेल तर धोका वाढतो, कारण इंजिन बंद पडलं तरी इग्निशन चालू असेपर्यंत तो पंप थांबत नाही. अशा गाडीत अपघाताच्या धक्क्याने पंपाची वीज तोडणारा स्विच असायलाच हवा.

आता पेट्रोलकडे येऊ. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. या इथेनॉलचा कच्चा माल आपल्याच शिवारातला. साखराळ्यापासून रेठऱ्यापर्यंतच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आणि उसाला मिळणारा दर यांच्याशी ते बांधलेलं आहे. त्यामुळे या भागात कुणी इथेनॉलच्या विरोधात बोलावं अशी अपेक्षाही नाही आणि तसं बोलण्याची गरजही नाही. पण १९७२ च्या फियाटमधलं रबर या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं, हे मान्य करून पुढची पावलं टाकावी लागतात.

इथेनॉल तीन बाजूंनी त्रास देतं. जुनं रबर, बुचाचं गॅस्केट आणि साध्या नळ्या ते फुगवतं किंवा ठिसूळ करतं. टाकीच्या भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेला थर ते सोडवून पुढे पाठवतं, म्हणून नवं पेट्रोल सुरू झाल्यावर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर लवकर तुंबतो. तिसरं म्हणजे ते पाणी शोषून घेतं. पूर्वी पाण्याचा थेंब काचेच्या वाटीच्या तळाशी वेगळा दिसायचा. आता थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जातं आणि वाटी स्वच्छ दिसते. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल एकत्रच वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्रा खायला लागतात. कागदी फिल्टर विरघळलेलं पाणी अडवत नाही. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीतल्या ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या बाबतीत तर फिल्टरचा विचार नंतरचा. आधी टाकी उतरवून, रिकामी करून, आतला गंज काढायला हवा.

एवढं पाहिल्यावर निवड सोपी होते. फिल्टर धातूचा घ्यावा, पत्र्याची अखंड बंद डबी, जिच्यात उघडणारा एकही आटा नाही. तिच्या निपलना टोकाशी उंचवटा हवा, म्हणजे नळी सरकत नाही. कागद कार्ब्युरेटरच्या गाडीला चाळीस मायक्रॉनच्या आसपासचा पुरतो, त्याहून फार बारीक घेऊन काही साधत नाही. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप पाहावा. ही नळी महाग पडते, पण तिच्या आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. क्लॅम्प पूर्ण गोल पट्टीचे, कडा वळवलेले, नळीला न कापणारे. पंपाच्या वाटीचं बुचाचं गॅस्केट आणि डायफ्राम याच वेळी इथेनॉलला चालणाऱ्या रबराचे करून घ्यावेत, नाहीतर नवा फिल्टर लावूनही गळती पंपातून होईल.

जागेवरून मिस्त्री लोकांत दोन तट आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरजवळ लावला तर बदलायला सोपा आणि पंपातून सुटलेला कणही अडतो, पण तिथे दाब आहे आणि खाली मॅनिफोल्ड. पंपाच्या आधी लावला तर गळतीत हवा ओढली जाते, पेट्रोल उडत नाही. मात्र लहान आणि बारीक फिल्टरमुळे पंपाला ओढताना जोर लागतो, नळीतला दाब उतरतो आणि उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच उकळतं. मे महिन्यात पसरणीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात पंपावर ओलं फडकं टाकून गाडी थंड होण्याची वाट पाहणारे प्रवासी याच वेपर लॉकमुळे थांबलेले असत. मी दुसऱ्या बाजूचा आहे. फिल्टर टाकी आणि पंप यांच्या मध्ये, गाडीच्या मागच्या भागात चॅसीला पट्टीने घट्ट, सायलेन्सरच्या पाइपपासून दूर. डबी आकाराने मोठी घ्यावी, म्हणजे कागद जास्त आणि अडथळा कमी. तिथे खडी उडते, म्हणूनही प्लॅस्टिक नको. नळीवर लोंबकळणारा फिल्टर कुठल्याच जागी नको, आणि डबीवरचा बाण इंजिनच्या दिशेला आहे ना हे बसवण्याआधी पाहावं.

गाडीचं मूळ रूप बिघडेल ही हौशी लोकांची शंकाही समजण्यासारखी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते, आणि त्यासाठी चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. चॅसीखाली पट्टीने बसवलेली डबी यातल्या कशालाच हात लावत नाही. प्रदर्शनात बॉनेट उघडलं तर उलट मूळ काचेची वाटी जशीच्या तशी दिसते, शेजारी परका फिल्टर लोंबकळत नाही.

पत्र्याच्या डबीतून आतलं दिसत नाही, हा तिचा एकच तोटा. म्हणून टाकी साफ करून नवा फिल्टर लावल्यावर पहिला काही शे किलोमीटरवरच काढावा, आतलं पेट्रोल पांढऱ्या फडक्यावर ओतून गंज किती आला ते पाहावं आणि त्यावरून पुढचा कधी बदलायचा ते ठरवावं. गंज येतच राहिला तर फिल्टर बदलत बसू नये, टाकी पुन्हा उतरवावी. वर्षातून महिनाभरच चालणारी गाडी असेल तरी दर वर्षी फिल्टर नवा घालावा आणि नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. कडक लागली किंवा बोटाला पेट्रोलचा वास आला, तर ती नळी त्याच दिवशी काढावी.