राखेत जगलेली मुळं

एजियन समुद्रातल्या सांतोरिनी या ग्रीक बेटावर द्राक्षमळा शोधणाऱ्याची नजर आधी चुकते. मांडव नाही, तारा नाहीत, खांब नाहीत. राखाडी जमिनीवर पक्ष्यांच्या मोठाल्या घरट्यांसारखे वेटोळे तेवढे दिसतात. तीच वेल. दरवर्षी छाटणी करताना शेतकरी तिच्या काड्या गोलाकार विणत जातो आणि वेलीची टोपली होते. तिथे तिला 'कुलूरा' म्हणतात. घड आत, जमिनीलगत धरतात. बेटावरचा वारा इतका बोचरा, की उभ्या वेलीवर कोवळी फूट टिकणं कठीण.

ख्रिस्तपूर्व 1600च्या आसपास इथल्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. बेटाचा मधला भाग समुद्रात खचला आणि अक्रोतिरी हे नांदतं गाव राखेखाली गाडलं गेलं. 1967 साली ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. द्राक्षांचे घोस रंगवलेली भांडी त्या राखेतून निघाली, म्हणजे वेलीशी या बेटाचं नातं उद्रेकाच्याही आधीचं.

ज्या राखेनं गाव बुडवलं, तिनंच पुढे वेल तगवली. वर्षाचा पाऊस जेमतेम 300 ते 400 मिलिमीटर, उन्हाळा जवळपास कोरडा. पण त्या राखेतला प्युमिस हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड रात्रीचं समुद्री धुकं आणि दव शोषून घेतो. वेल त्या ओलाव्यावर निभावते.

1860च्या दशकात उत्तर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या माव्याच्या जातकुळीतल्या किडीनं फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. ती मुळांवर जगते आणि चिकणमातीच्या भेगांमधून एका मुळावरून दुसऱ्यावर जाते. सांतोरिनीच्या मातीत चिकणमाती जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिला वाट मिळाली नाही. बाकीच्या बहुतेक युरोपला ही कीड सोसणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलमं बांधावी लागली. इथली वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे. आपल्याकडे नाशिकचा बागायतदार डॉगरिज नावाच्या जातीच्या खुंटावर कलम करतो ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार सोसावेत म्हणून. युरोपात मात्र जीव वाचवायला तो एकच उपाय उरला होता.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती यापुढची रीत. वेल थकली, फळ कमी झालं, की शेतकरी ती बुंध्याशी छाटतो. जुन्या मुळातून नवी फूट येते आणि पुन्हा पहिल्यापासून टोपली विणायला घेतात. वरची वेल तरुण असते, खालचं मूळ कितीतरी पिढ्यांचं.

इथलं मुख्य वाण आस्सीर्तिको. या मातीत पोटॅशियम फार कमी. पोटॅशियम द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाशी जोडलं जाऊन आंबटपणा उतरवतं. ते कमी असल्यानं कडक उन्हात पिकूनही या वाणाचा आंबटपणा टिकतो. म्हणूनच ऑगस्टमध्ये तोडलेली द्राक्षं दोनेक आठवडे उन्हात सुकवून, पार बेदाण्याच्या वाटेवर नेऊन केलेली 'विन्सान्तो' ही गोड वाइन गोडमिट्ट होत नाही. ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रार्थनाविधीसाठी ती पूर्वी रशियापर्यंत जात असे.

आता याच जमिनीवर पर्यटकांसाठी हॉटेलं उभी राहताहेत. छाटलेली वेल पुन्हा फुटते. पायाच्या खोदकामात मूळच निघालं, तर फुटायला मागे काही उरत नाही.