बेघर आहात? बेळगाव भागात आधी कुठल्या कचेरीची पायरी चढायची

डोक्यावर छप्पर नसलं की आपण मराठीत सरळ ‘बेघर’ म्हणतो. कर्नाटकातल्या सरकारी कागदावर मात्र हा एक शब्द पुरत नाही. ‘निवेशन’ म्हणजे घर बांधायचा प्लॉट. ज्याच्याकडे तोही नाही, तो ‘निवेशनरहित’. प्लॉट आहे पण त्यावर राहण्याजोगं घर नाही, तो ‘वसतिरहित’. ग्रामपंचायत या दोघांच्या याद्या वेगवेगळ्या करते. खानापूरकडच्या एका मावशींचा कन्नड अर्ज कुणीतरी घाईत भरून दिला होता. जागा नावावर नसताना त्यांचं नाव वसतिरहितांच्या यादीत गेलं. पुढं जागेचा उतारा मागितला, तो कुठून आणणार? नाव खोडलं गेलं आणि वर्ष वाया गेलं. म्हणून फॉर्मवर सही किंवा अंगठा करण्याआधी दोन्हींपैकी कुठल्या शब्दापुढं खूण केलीय, ते कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्याच.

खेड्यात अर्ज ग्रामपंचायतीत पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) द्यायचा आणि शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत. ग्रामीण भागासाठी बसव वसती योजना आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी डॉ. आंबेडकर निवास योजना, विधवा, दिव्यांग, भटक्या जमाती अशांसाठी देवराज अरसु योजना. या सगळ्यांचा कारभार राजीव गांधी वसती निगमाकडं आहे. केंद्राची आवास योजनाही याच दारातून येते. निवड ग्रामसभेत होते, म्हणून ग्रामसभा चुकवू नका. यादी वाचली जाते तेव्हा नाव नसेल तर तिथंच उभं राहून सांगायचं आणि ते ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला लावायचं.

अट अशी की कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको आणि घर शक्यतो बाईच्या नावावर. कागद म्हणून घरच्यांचं आधार, बीपीएल रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि नाडकचेरीतून (तहसीलच्या खालच्या महसूल कचेरीतून) काढलेला जात-उत्पन्नाचा दाखला लागतो. या दाखल्यावर आरडी क्रमांक असतो, तो नीट जपून ठेवा. वसतिरहित असाल तर जागेचे ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११ जोडा. मंजुरीनंतर पैसे एकदम मिळत नाहीत. पाया, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांवर जीपीएस फोटो काढले जातात आणि तसतसा हप्ता सुटतो. मंजुरीआधी उसनवारी करून काम सुरू केलं तर पहिल्या टप्प्याचा फोटोच राहून जातो, हे लक्षात ठेवा.

सीमाभागातली खरी अडचण पत्त्याची. चंदगडहून लग्न होऊन आलेल्या सुनेचं आधार महाराष्ट्राचं, रेशन कार्ड माहेरचं. आधी तिकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इकडं जोडायचं आणि आधारचा पत्ता बदलायचा. हे होईपर्यंत धान्याविना राहायची गरज नाही. ‘एक देश एक रेशन’मुळं अन्नसुरक्षेच्या महाराष्ट्राच्या कार्डावरही इथल्या दुकानात धान्य उचलता येतं.

ज्याच्याकडं कसलाच पत्ता नाही, त्याचं काय? हे फार थोड्यांना माहीत असतं, पण मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. फॉर्म ६ मध्ये रोज झोपता ती जागा लिहायची, मग ती बसस्टँडची भिंत असो की देवळाचा कट्टा. बीएलओनं (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं) तिथं रात्री येऊन, एकाहून अधिक रात्री पाहून खात्री करायची, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला आधारसाठी चालतो. पहिला कागद हातात आला की पुढचे सोपे होतात.

आज रात्रीचाच प्रश्न असेल तर शहरात महापालिकेकडं रात्रनिवाऱ्याची चौकशी करा. शहरी बेघरांच्या योजनेत दर एक लाख वस्तीमागं किमान शंभर माणसांची निवाऱ्याची सोय आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा हा निकष ठरला होता. २०११ साली बेळगाव शहराची लोकसंख्या चार लाखांच्या पुढं होती, त्या हिशेबानं चारशेहून जास्त माणसांची सोय तरी हवी. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला हा आकडा जरूर विचारा. निवाऱ्यात असलेल्यांना ओळखपत्र, रेशन, पेन्शन मिळवून द्यायला मदत करणं हेही निवारा चालवणाऱ्यांचं काम आहे, नुसती चटई देणं पुरेसं नाही. ‘निराश्रित’ हा शब्द आणखी वेगळा. १९७५ च्या भिक्षाबंदी कायद्याखालची केंद्रं त्या नावानं चालतात आणि घरपट्टीतला तीन टक्के उपकर त्यांच्यासाठी जातो. रस्त्यावर झोपणं म्हणजे भीक मागणं नव्हे. कुणी त्या कायद्याखाली उचलू लागलं तर हे ठामपणे सांगा.

घरातून बाहेर काढलेल्या आई-वडिलांसाठी मात्र सगळ्यात जोरदार हत्यार २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे, आणि ते वापरलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. अर्ज आपल्या उपविभागाच्या एसी (असिस्टंट कमिशनर) ऑफिसात द्यायचा. बेळगाव, बैलहोंगल आणि चिक्कोडी असे तीन उपविभाग आहेत. स्वतःला जमत नसेल तर आपल्या वतीनं दुसऱ्या माणसानं किंवा संस्थेनं दिलेला अर्जही चालतो. मुलगा पुण्याला किंवा कोल्हापूरला असला तरी आई जिथं राहते तिथंच अर्ज करता येतो, महाराष्ट्रात खेटे घालावे लागत नाहीत. महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी ठरवता येते आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा लागतो. नात्याचा आणि वयाचा पुरावा, मुलाचा पत्ता आणि जमलं तर त्याच्या कमाईची माहिती जोडा. ‘सांभाळीन’ या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. पण ती अट दाखवता आली पाहिजे. म्हणून अजून कागद व्हायचा असेल तर सांभाळायची अट त्यातच लिहून घ्या, तोंडी भरवसा ठेवू नका.

पावसात घर पडलं तर मलबा उचलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि ग्रामलेखाधिकाऱ्याला (म्हणजे तलाठ्याला, आता त्याला ग्राम प्रशासन अधिकारी म्हणतात) त्याच दिवशी लेखी कळवा. घर पूर्ण पडलं की अर्धवट, हे पाहणीत ठरतं आणि भरपाई त्यावरच अवलंबून असते. २०१९ च्या महापुरात हाच वर्ग चुकीचा लागल्यानं वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरची अनेक माणसं वर्षानुवर्षं कचेऱ्या झिजवत राहिली.

फॉर्म कन्नडमध्येच असतो. तो भराच, पण तक्रार मराठीतून लिहायला घाबरू नका. राज्यघटनेचं कलम ३५० संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क देतं. सकाल योजनेत (सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून द्यायची कर्नाटकची योजना) येणाऱ्या दाखल्यांच्या अर्जाला पोच मागा. तिच्यावर जीएससी क्रमांक असतो आणि मुदत उलटली तर त्याच क्रमांकावर अपील करता येतं.

रात्री-अपरात्री उपयोगी पडणारे क्रमांक: ज्येष्ठांसाठी १४५६७, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, फुकट वकिलासाठी १५१००, पेन्शनसाठी १५५२४५.