जेवणाची वेळ आणि हृदय-चयापचय आरोग्य

दिवसभराचे अन्न किती वाजता, किती तासांच्या अवधीत आणि कोणत्या जेवणाला किती खाल्ले जाते, याचा रक्तशर्करा, रक्तदाब, रक्तातील मेद व वजन यांच्याशी, आणि पर्यायाने मधुमेह व हृदयविकार यांच्याशी असलेला संबंध. आहारशास्त्राने ‘काय खावे’ आणि ‘किती खावे’ हे दोन प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या घोळवले. ‘केव्हा खावे’ हा प्रश्न प्रयोगशाळेत गंभीरपणे घेतला जाऊ लागला तो मुख्यतः गेल्या २५ वर्षांत.

या विषयाचा पाया जैविक घड्याळाच्या, म्हणजे शरीराला दिवस-रात्रीची लय देणाऱ्या आतल्या यंत्रणेच्या, संशोधनात आहे. फळमाशीच्या दैनिक लयीवर ताबा ठेवणारे जनुक १९७१ मध्ये ओळखले गेले. ते घड्याळ रेणूंच्या पातळीवर कसे चालते हे उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मेंदूत हायपोथॅलॅमस या भागात सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो वेळ लावून घेतो. मात्र घड्याळ हे एकच नाही. यकृत, स्वादुपिंड, हृदय, मेदऊती अशा जवळपास प्रत्येक अवयवाच्या पेशींत आपापले घड्याळ चालू असते, आणि त्यांपैकी अनेकांना वेळ कळते ती अन्नावरून. जिनिव्हातील संशोधकांनी २००० मध्ये निशाचर उंदरांना फक्त दिवसा खायला दिले. काही दिवसांत त्यांच्या यकृताचे घड्याळ उलटे फिरले, मेंदूतले मात्र जागच्या जागी राहिले. अवेळी खाल्ल्याने शरीर आतून दुभंगते, असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे ठरत नाही.

याचा सर्वांत ठळक परिणाम साखरेवर दिसतो. निरोगी माणसाने तेच ताट, तेवढेच, सकाळी आठला आणि रात्री आठला खाल्ले तर रात्री रक्तशर्करा अधिक वर जाते आणि खाली यायला अधिक वेळ घेते. जेवणातली साखर रक्तात येऊ लागली की स्वादुपिंडातील बीटा पेशींनी लगोलग इन्सुलिन सोडायचे असते. सकाळी त्या हे काम तत्परतेने करतात, संध्याकाळी मात्र त्यांचा पहिला प्रतिसाद मंदावतो. त्यातच झोपेची वेळ जवळ आली की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे रेणू, बीटा पेशींवरही असतात आणि त्यांच्या मार्फत इन्सुलिनचे स्रवणे आवरले जाते. रात्री उपाशी झोपणाऱ्या शरीरासाठी ही व्यवस्था सोयीची आहे, कारण झोपेत साखर फार खाली जाऊन चालत नाही. पण जेवून लगेच आडवे होणाऱ्याच्या बाबतीत साखर रक्तात येते नेमकी तेव्हा, जेव्हा तिला पेशींत पोहोचवणारे इन्सुलिन आखडते घेतलेले असते. स्पेनमध्ये ८४५ प्रौढांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रत्येकाला एकदा झोपेआधी चार तास आणि एकदा झोपेआधी एक तास ग्लुकोजचे पेय दिले गेले. उशिराच्या वेळी इन्सुलिन कमी स्रवले आणि शर्करेची एकूण पातळी सुमारे ८ टक्क्यांनी जास्त राहिली. मेलाटोनिनच्या ग्राहीशी निगडित जनुकाचे विशिष्ट रूप ज्यांच्याकडे होते, त्यांच्यात हा बिघाड अधिक होता. एकाला उशिराचे जेवण बाधते आणि दुसऱ्याला तितके बाधत नाही, यामागचे एक कारण इथे सापडते.

रात्रपाळीत हीच गोष्ट आणखी तीव्र होते. २००९ मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी १० स्वयंसेवकांना मंद उजेडात २८ तासांचा ‘दिवस’ जगायला लावले, जेणेकरून खाणे-झोपणे हळूहळू त्यांच्या आतल्या घड्याळाच्या विरुद्ध जाईल. पूर्ण उलट स्थितीत तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १७ टक्क्यांनी घटले, शर्करा ६ टक्क्यांनी आणि सरासरी धमनीदाब ३ टक्क्यांनी वाढला. २०२१ मध्ये रात्रपाळीचाच प्रयोग जेवणाची वेळ बदलून झाला. रात्री जागून रात्रीच खाणाऱ्यांची शर्करा वाढली, तर रात्री जागूनही जेवण दिवसाच घेणाऱ्यांची वाढली नाही. प्रयोग लहान होता. तरीही या क्षेत्रातला सर्वांत आशादायक निष्कर्ष मला हाच वाटतो, कारण पाळी बदलणे कामगाराच्या हाती नसते, पहाटे तीनचा डबा पुढे ढकलणे कधीकधी असते.

हृदयविकाराबद्दलचा पुरावा बहुतांशी निरीक्षणात्मक आहे, म्हणजे प्रयोग न करता लोकांच्या सवयी आणि आजार नुसते नोंदवून मिळालेला. हार्वर्डच्या संशोधकांनी २६,९०२ पुरुषांची १६ वर्षांची माहिती २०१३ मध्ये मांडली. न्याहारी टाळणाऱ्यांत हृदयधमनीविकाराचा धोका २७ टक्क्यांनी, तर झोपल्यावर मध्येच उठून खाणाऱ्यांत ५५ टक्क्यांनी जास्त आढळला. फ्रान्समधील १,०३,३८९ प्रौढांच्या अभ्यासात (२०२३) दिवसाचे पहिले खाणे तासाने लांबले की हृदयवाहिन्यांच्या आजारांचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शेवटचे खाणे रात्री नऊनंतर घेणाऱ्यांत, आठच्या आत जेवणाऱ्यांच्या तुलनेत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार २८ टक्क्यांनी जास्त होते. पण उशिरा जेवणारा माणूस बऱ्याचदा कमी झोपतो, जास्त धूम्रपान करतो, ताणाखाली असतो. आकडेमोडीत हे घटक वजा केले तरी पुरते वजा होत नाहीत. म्हणून या टक्केवारीला इशारा मानावे, उशिरा खाणे हेच आजाराचे कारण असल्याचा पुरावा मानू नये.

वजनाच्या बाबतीत मतभेद खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. २०१३ च्या एका चाचणीत ९३ स्थूल स्त्रियांना १२ आठवडे रोज १,४०० किलोकॅलरीचा आहार दिला गेला. निम्म्या जणींना त्यातल्या ७०० सकाळी आणि २०० रात्री, उरलेल्यांना नेमके उलट. सकाळी भरपेट खाणाऱ्यांचे वजन सरासरी ८.७ किलो उतरले, रात्री भरपेट खाणाऱ्यांचे ३.६ किलो. मात्र अ‍ॅबरडीन येथे २०२२ मध्ये सगळे अन्न मोजून पुरवले गेले तेव्हा वजनात फरक पडलाच नाही. सकाळी जास्त खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली, एवढेच. त्याच वर्षी चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या वर्षभराच्या चाचणीतही, कॅलरी सारख्याच कमी केल्यावर जेवण सकाळी आठ ते दुपारी चारमध्ये बसवून घट लक्षणीयरीत्या वाढली नाही. माझ्या मते वेळेचा वजनावरचा परिणाम मुख्यतः भुकेच्या वाटेने येतो. भूक आटोक्यात राहिली की माणूस आपसूक कमी खातो.

रक्तदाब आणि इन्सुलिन यांची गोष्ट वेगळी. मधुमेहपूर्व अवस्थेतील ८ पुरुषांनी ५ आठवडे सहा तासांतच सगळे खाऊन दुपारी तीनच्या आत शेवटचे जेवण घेतले (२०१८). त्यांचे वजन टिकवून ठेवले होते, तरीही इन्सुलिनचा प्रभाव सुधारला आणि रक्तदाब उतरला. याउलट दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खाणाऱ्यांच्या २०२० मधील चाचणीत, नेहमीसारखे तीनदा जेवणाऱ्यांच्या मानाने फारसा लाभ दिसला नाही. ठरावीक तासांचे बंधन दिवसाच्या कोणत्या टोकाला बांधले, हे बंधनाइतकेच महत्त्वाचे असावे. खाण्याचा अवधी आठ तासांहून कमी ठेवणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त असल्याची २०२४ मधील बातमी अनेकांना धास्तावून गेली. तिचा आधार मात्र लोकांनी फक्त दोन दिवसांच्या खाण्याबद्दल सांगितलेली माहिती होती.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ च्या निवेदनात खाण्याच्या वेळा ठरवून, विचारपूर्वक खाण्याचा आणि उष्मांकांचा मोठा वाटा दिवसाच्या पूर्वार्धात घेण्याचा विचार मांडला. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, जेवण टाळण्याचे वा लांबवण्याचे प्रयोग आपल्या मनाने करू नयेत. औषधाची मात्रा ठरलेल्या जेवणाच्या हिशेबाने दिलेली असते. जेवण सरकले आणि मात्रा तशीच राहिली, तर साखर काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.